बिल्ल्याची मागची बाजू

मानोरा गावात आमच्या शेजारी राहणारा शिंपी फौजी पलटणींचे जुने कापडी बिल्ले पारखतो. बिल्ले जमवणारे शौकीन त्याच्याकडे लांबून येतात. तो समोरचं चित्र पाहतच नाही. बिल्ला उलटा करतो, टाक्यांवरून नख फिरवतो आणि कोरडेपणानं म्हणतो, "नकली हाये. समोरून तं सारेच खरे दिसतेत."

त्याचा पोरगा फौजेत होता. पोरगा गेल्याचा निरोप आला, मागून त्याची पेटी आली. "दुसऱ्या कोनाची असन," हा म्हणत राहिला. मग त्यानं पेटीतल्या वर्दीची बाही उलटी केली. सुट्टीत पोराचा उसवलेला बिल्ला त्यानं स्वतःच शिवून दिला होता. नख त्या टाक्यांवरून सावकाश फिरलं.

आम्ही कोणी काही विचारलं नव्हतं.

"अस्सल हाये," तो म्हणाला.