बारवेतून वर आलेली बाई

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही. रोज संध्याकाळी ज्याच्याबरोबर फिरायला जातो, त्या मित्रालाही नाही. सांगायचं म्हटलं की पहिल्याच वाक्याला अडतं — कुठून धरायचं? तुम्ही ऐकताय, तर त्या गावापासून धरतो.

लातूर वेगळा जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. कलेक्टर आता जवळ आला, टँकर लवकर येईल, असं लोक म्हणायचे. टँकर आठवड्यातून एकदा यायचा. मी अहमदपूरकडच्या एका गावात भूगोल शिकवायचो. गावाचं नाव सांगत नाही. आमचं घर उदगीरचं, कापडाचं दुकान. सुट्टीत घरी गेलं की वडील दुकानात बसवायचे, म्हणून उन्हाळ्यातही मी त्या गावातच खोली धरून राहायचो. आणि लिहायचो. भयकथा. हसू नका — मला त्यात नाव करायचं होतं.

सगळ्यांची भुतं अमावस्येला निघायची. अंधारात कुणीही भितं, त्यात लिहिणाऱ्याचं काय? मला भर दुपारी, लख्ख उन्हात वाचणाऱ्याला घाम फोडायचा होता. तसं काही सुचत नव्हतं. मग एका दुपारी पारूबाई दिसली.

गावाबाहेर जुनी बारव होती, पायऱ्यांची. तळाशी कपारीतून थेंब-थेंब पाणी झिरपायचं. मी लिंबाखाली बसलो होतो. आवाज नाही, पाखरू नाही. आणि जमिनीतून एक डोकं वर आलं. मोकळे केस, चिखलानं माखलेलं तोंड. मग खांदे. मी ओरडलो — खरंच ओरडलो. ती पारूबाई होती. नवऱ्यानं टाकलेली, एकटी राहणारी, गावाच्या वाकळा शिवणारी. सुई कायम पदराला टोचलेली. ती खो खो हसली. सकाळ-संध्याकाळ बारवेवर झुंबड असते, तिला कुणी पुढं येऊ देत नाही, म्हणून ती उन्हाच्या वेळी उतरते, वाटीनं पाणी घागरीत भरते, असं तिनं सांगितलं. "भ्यालाव का मास्तर? घ्या, पानी प्या." मी प्यालो. दोन तास खपून भरलेल्या घागरीतलं.

त्याच आठवड्यात गोष्ट लिहून झाली. दुपारी बारवेतून वर येणारी बाई. ती ज्या घराकडं बघते, त्या घरातलं लेकरू जातं. आणि तिची सावली पडत नाही. हे सावलीचं मला भूगोलातून मिळालं होतं. आपल्याकडं मे महिन्यात एक-दोन दिवस असे येतात, की दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो आणि सरळ उभ्या माणसाची सावली पायाखालीच जिरते. सगळ्यांचीच. सातवीच्या वर्गाला मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून हे शिकवायचो. गोष्टीत मी बाकीच्यांची सावली ठेवली, तिची तेवढी काढून घेतली. नाव बदललं. पदराची सुई ठेवली — छान वाटली म्हणून. तिनं दिलेलं पाणी मात्र घेतलं नाही. त्यानं गोष्ट बिघडली असती.

लातूरला एक साप्ताहिक नव्यानं निघालं होतं. संपादकांनी गोष्ट वाचली आणि विचारलं, हे खरं घडलंय का? खरं असेल तर पहिल्या पानावर घेतो. मी म्हणालो, हो. डोळ्यांनी पाहिलंय.

एवढंच असतं, तर मी आज तुमच्यापुढं बसलो नसतो. पहिल्या पानासाठी खोटं बोलणारा मी काही पहिला नव्हतो.

साप्ताहिक गावात आलं तेव्हा चैत्र संपत आला होता. हॉटेलवर कुणीतरी ते मोठ्यानं वाचलं. बारव कुठली, बाई कोण — ओळखायला किती वेळ लागणार? लोक माझ्याकडं बघायचे, चहा पाजायचे. मला ते आवडलं. हेही सांगितलंच पाहिजे, नाही का — मला ते फार आवडलं. मग गावात हगवणीची साथ आली. गढूळ पाणी, दुसरं काय? सरपंचाची चार वर्षांची नात दोन दिवसांत गेली. तिचा चुलता दिगंबर माझ्या खोलीवर आला. हातात साप्ताहिकाची घडी. रडून रडून डोळे सुजलेले.

"मास्तर, इच्यात लिवलंय ते तुमी सोता पाह्यलं?"

मला काय बोलता आलं असतं? गोष्ट आहे बाबा, मी रचलीय, बाई पाणी भरायला जाते. तीन वाक्यं. पण ती बोललो असतो तर मी लबाड ठरलो असतो — गावात, लातुरात, संपादकांपुढं.

"हाव," मी म्हणालो. "पाह्यलं."

दुसऱ्या दिवशी पारूबाईला चावडीपुढं आणलं. सव्वाबारा वाजून गेले होते. पन्नास-साठ माणसं असतील, बायाही होत्या. ओळखीची सगळी. त्यांच्या पोरांच्या वह्या मी तपासलेल्या. दिगंबर म्हणाला, "मधी हुबी करा. सावली बगू."

तिला मधोमध उभी केली. मे महिन्यातला तोच दिवस होता की एक दिवस इकडचा तिकडचा, मला माहीत नाही. तिच्या पायांशी काहीच नव्हतं. फक्त पांढरी माती. एक बाई किंचाळली.

आणि कुणाच्याच पायांशी काही नव्हतं. दिगंबरच्या नाही, सरपंचाच्या नाही, माझ्याही नाही. एकानंही खाली आपल्या पायाकडं बघितलं नाही. त्या गर्दीत असं का होतं, हे माहीत असलेला एकच माणूस होता. "आपापल्या पायाकडं बघा" — एवढं म्हणायचं होतं. तीन शब्द. मी ते मनात म्हणून पाहिले, हेही आठवतं.

तिनं मला पाहिलं. "मास्तर, तुमी तरी सांगा की ह्यान्ला. मी कामून जाते बारवंत, तुमाला ठावं हाय."

मी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसत राहिलो. फार वेळ पुसत राहिलो.

तिच्या घरातून कुणी कातर आणली, वाकळा कापायची. त्या कातरीनं तिचे केस कापले. बायांनी धरलं होतं. आधी ती ओरडत होती, मग गप्प झाली. कातरीचा आवाज तेवढा येत होता. ऊन इतकं होतं की सगळं स्वच्छ दिसत होतं — कानामागं कातर लागली तेही, आणि एकाच्या खांद्यावर बसलेली माशीही. मला काय वाटलं, विचाराल. काही वाटलं नाही. खोलीवर येऊन मी तांब्याभर पाणी प्यालो आणि झोपलो. झोप लागली.

दुसऱ्या दिवशी ती भावाकडं देगलूरला निघून गेली. घरातल्या वाकळा लोकांनी पेटवून दिल्या. वर्षभरात माझी बदली झाली. गोष्टीला बक्षीस मिळालं, ते घ्यायला मी नांदेडला गेलो. सत्कारात एकानं विचारलं, दिवसाढवळ्याची भीती तुम्हाला कशी सुचली? मी दहा मिनिटं बोललो. टाळ्या पडल्या.

पुढं बारा वर्षांनी, नांदेडला राहत असताना, परीक्षेच्या कामावर देगलूरला गेलो. आता सांगून टाकू, असं ठरवून तिच्या भावाचं घर शोधलं. ती ओसरीवर मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. डोक्यावरून पदर घेतलेला. मला लगेच ओळखलं. उठली. भावजयीला म्हणाली, "आमच्या गावचे मास्तर." भावजय तेलुगूत 'बसा' म्हणाली आणि चहाला आत गेली.

मी तोंड उघडायच्या आत तीच बोलली. पेपरात काहीतरी आलं होतं, एवढं तिला कळलं होतं. ते कुणी लिहिलं होतं, हे तिला बारा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

"तुमी मनाला लावून घिऊ नका मास्तर," ती म्हणाली. "इत्की मान्सं. तुमी एकले काय करनार हुता? भ्यालाव तुमी. मला दिसलं."

तिला वाटत होतं, मी फक्त घाबरलो होतो.

मी म्हणालो, "हो ना." चहा आला. तो प्यालो, आणि चारच्या बसनं नांदेडला परत आलो.