पाच लाँड्र्या, एक पाणी

नवरा गेल्यावर ती लाँड्रीत येऊन बसायला लागली, तेव्हा सगळ्यांना वाटलं, बसेल थोडे दिवस, मग दीर आहेच. पण ती बसली ती बसलीच. दीर वहिनी म्हणायचा, म्हणून इस्त्रीवालेही वहिनी म्हणू लागले, आणि मग गल्लीतल्या बाकीच्या चार लाँड्रीवाल्यांनीही तेच नाव धरलं. हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, दवाखान्याचे कपडे. दिवसभर यंत्रं घुसळत असायची आणि मागच्या गटारातून फेसाळ पाणी वाहत असायचं.

एका उन्हाळ्यात बोअरला गढूळ पाणी यायला लागलं. पांढऱ्या चादरी धुऊन निघाल्या त्या चहा सांडल्यासारख्या.

"आणखी खोल मारू," दीर म्हणाला.

"भाऊजी, मग शेजारचेही मारतील. मग पुन्हा आपण. कुठवर जायचं, पाताळात?"

दुसऱ्या दिवशी ती विद्यापीठात गेली. पाण्यावर काम करणारं कुणीतरी तिथे आहे, एवढंच तिला ठाऊक होतं. या विभागातून त्या विभागात, खालून वर, वरून खाली असं हिंडून ती दमली, तेव्हा जिन्यातच एक मॅडम भेटल्या. सांडपाणी पुन्हा वापरण्यावर त्या शिकवत होत्या.

वहिनीचं ऐकून त्या तिथेच पायरीवर बसल्या. "आमच्या प्रयोगशाळेत बादलीभर पाणी छान स्वच्छ होतं हो. पण रोज टाक्याच्या टाक्या पाणी येतं तिथे काय होईल, ते कुठलाच कारखाना बघू देत नाही. फोटो काढायला मात्र सगळे बोलावतात."

"माझ्याकडे फोटोला जागाच नाही," वहिनी म्हणाली. "पाणी मात्र भरपूर वाया जातं."

करार झाला. जागा आणि वीज लाँड्रीची, टाक्या आणि गाळणी विद्यापीठाची, आणि जे जमेल ते दोघांचं. मॅडमचे विद्यार्थी मागच्या बोळात नळ्या जोडायला लागले. गाळलेलं पाणी पुन्हा यंत्रात सोडलं, आणि आठवड्याच्या आत एका हॉटेलने चादरींचा ढीग परत पाठवला. कपड्यांची लव गाळणीत अडकून कुजली होती, आणि चादरींना ओल्या गोणपाटासारखा वास मारत होता.

दीर भडकला. "त्यांचं काय जातं? नापास झाले तर पुन्हा बसतील परीक्षेला. आपलं गिऱ्हाईक एकदा गेलं की गेलं!"

त्याचं काही चुकत नव्हतं, हे वहिनीला कळत होतं. ती स्वतः हॉटेलात गेली, घडलं ते जसंच्या तसं सांगितलं आणि सगळ्या चादरी पुन्हा धुऊन दिल्या. मग मॅडमना म्हणाली, "काम थांबवायचं नाही. पण आता गिऱ्हाइकाच्या कपड्यांवर नाही, आमच्या घरच्या कपड्यांवर."

घरातली प्रत्येक चादर त्या पाण्यात धुतली जाऊ लागली. जाऊबाई उशी नाकाला लावून म्हणायच्या, "मी सून म्हणून आले होते या घरात, प्रयोगातला उंदीर म्हणून नाही!" पण वास आला की सगळ्यात आधी त्याच सांगायच्या, आणि विद्यार्थी त्यांचं म्हणणं गंभीर चेहऱ्याने ऐकून घ्यायचे.

हळूहळू गणित सुटत गेलं. सगळंच पाणी गाळायचा हट्ट मॅडमनी सोडला. शेवटच्या विसळण्याचं पाणी जवळजवळ स्वच्छच असतं. तेवढंच वेगळं साठवायचं, त्यातली लव फिरत्या जाळीवर अडवायची आणि ते पुढच्या कपड्यांच्या पहिल्या धुण्याला वापरायचं. दवाखान्याचे कपडे यातून पूर्ण बाहेर. जाऊबाईंची तक्रार थांबली. बोअर निम्मा वेळ बंद राहू लागला. मग पहिल्यांदा हॉटेलच्या चादरी त्या पाण्यात पडल्या, आणि एकही परत आली नाही.

तेव्हा एका साबणाच्या कंपनीचा माणूस आला. ही रचना आम्हाला द्या, म्हणाला. विद्यापीठाला नवी प्रयोगशाळा बांधून देऊ, लाँड्रीला साबण फुकट. अट एकच. आमचा साबण घेईल त्यालाच ही रचना मिळेल.

दीर खूश झाला. विद्यापीठाचं कार्यालयही खूश झालं. मॅडमनी तेवढी ती अट पुन्हा विचारून घेतली.

"वहिनी, घरबसल्या लक्ष्मी आलीय," दीर म्हणाला. "आणि शेजाऱ्यांना आपण का शिकवायचं? उद्या आपलीच गिऱ्हाइकं पळवतील."

"पळवू देत. भाऊजी, जमिनीखाली भिंत आहे का? आपण पाणी वाचवायचं आणि पलीकडच्या चौघांनी ते उपसायचं. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा गढूळच येणार."

"मला वरून विचारतील," मॅडम हळूच म्हणाल्या.

"माझं नाव सांगा. लाँड्रीवाली सही करत नाही म्हणावं."

कार्यालयातल्या मोठ्या टेबलापाशी तिला बोलावलं गेलं. कुणी गोड बोललं, कुणी घड्याळ पाहिलं. तिने पुन्हा तेच सांगितलं: रचना गल्लीतल्या सगळ्यांना मिळेल, कुणाचाही साबण असो, तरच सही. या वेळी मॅडमही उभ्या राहिल्या. "हे काम आम्ही दोघींनी मिळून केलंय. माझंही म्हणणं तेच आहे."

कंपनी गेली. नवी प्रयोगशाळाही गेली. दीर कितीतरी दिवस वहिनीशी कामापुरतंच बोलला.

नवा करार लहान झाला. लाँड्र्यांनी विद्यार्थ्यांना शिकायला जागा द्यायची, विद्यापीठाने जाळ्या बसवून द्यायच्या. तीन लाँड्र्या लगेच तयार झाल्या. कोपऱ्यावरचा मात्र हसला. बायकांचे खेळ, म्हणाला.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी खाली गेलं, पण गढूळ झालं नाही. तो उन्हाळा सरता सरता कोपऱ्यावरचा लाँड्रीच्या दारात येऊन घुटमळायला लागला. वहिनी हिशेबात होती. दिराने त्याला आत घेतलं, मागच्या बोळात नेलं, बाह्या सरसावल्या आणि जाळी उघडून दाखवत म्हणाला, "ही रोज साफ करायची. कंटाळा केलात तर वास येतो. आमच्या घरी विचारा."