अ‍ॅनाटॉमी, दुसऱ्यांदा

डॉक्टर लोक एकत्र बसले की पेशंटचे किस्से निघतात. मी आणि दत्तू इंगळे बसलो की आमच्या नापास होण्याचे निघतात! दरवेळी एखादा नवा आठवतो, एखादा जुना थोडा फुगतो आणि ढीग वाढतच जातो. माझी बायको म्हणते, "तुमचं ऐकून ऐकून आता मीच अ‍ॅनाटॉमीत पास होईन!"

हे सगळं साठ साल उजाडायच्या आधीच्या बंगलोरमधलं. आमची निपाणी नुकतीच म्हैसूर राज्यात गेली होती, म्हणून मी मेडिकलला बंगलोरला आलो. दत्तू तिथलाच. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेलं मराठी घर, त्यामुळे बोलताना मध्येच कानडी टपकायचं. पहिल्याच मोठ्या परीक्षेत आम्ही दोघंही अ‍ॅनाटॉमीत सणकून आपटलो. आता पुन्हा सहा महिन्यांनी बसायचं.

*

मला फार अन्याय झाल्यासारखं वाटत होतं. मी पुस्तक घेऊन थेट आमच्या प्रोफेसरांकडे गेलो. "सर, मी दिवसभर वाचतो. प्रत्येक महत्त्वाच्या ओळीखाली लाल रेघ मारलीय, बघा!"

त्यांनी पुस्तक चाळलं. पानंच्या पानं लाल.

"छान," ते म्हणाले. "आता या पानावर बिनमहत्त्वाचं काय आहे, तेवढं दाखव!"

*

दत्तूच्या घरी वेगळीच तऱ्हा. त्याच्या थोरल्या भावाचं, शंकरअण्णांचं, शिवाजीनगरात शिवणाचं दुकान होतं. वडील गेल्यापासून घर त्यांच्यावरच. निकाल ऐकून ते ओरडले नाहीत, काही नाही. गळ्यातली मापाची टेप काढली आणि दत्तूच्या गळ्यात घातली.

"अण्णा, हे काय?"

"सवय कर. या वेळी पास झालास तर स्टेथोस्कोप, नाही तर ही. गळ्यात काहीतरी लटकणारच!"

दत्तू हसला नाही. अण्णा थट्टा करत नव्हते.

*

मग आम्ही दुकानाच्या माडीवर एकत्र अभ्यास सुरू केला. मोठ्यांदा, एका सुरात. दत्तूची बहीण सुंदराक्का शाळेत शिकवायची. दोन दिवस तिने ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी वर आली आणि म्हणाली, "अभ्यास करताय की भजन?"

तिने दोन्ही पुस्तकं मिटली. "आता सांगा, काय वाचलंत?"

दत्तूने माझ्याकडे पाहिलं, मी दत्तूकडे. आत्ताच वाचलेलं दोघांनाही सांगता येईना! इतके दिवस आपण नक्की काय करत होतो?

त्या दिवसापासून अक्काचा नियम लागू झाला. थोडं वाचायचं, पुस्तक मिटायचं आणि तिला समजेल असं सांगायचं. अ‍ॅनाटॉमी तिला ओ की ठो कळत नव्हती, पण आमची गाडी कुठे अडली ते बरोबर कळायचं. एकदा मी ऐटीत म्हणालो, "ही नस पुढे जाऊन हाताला, बोटांना वगैरे..."

"थांब! वगैरे म्हणजे येत नाही. सरी? कळलं ना? पुन्हा वाच."

आजही माझ्या तोंडून "वगैरे" निघालं की मला घाम फुटतो.

*

पाठ झालेलं पक्कं करायला आम्ही सकाळी लालबागेत जायचो. एक जण विचारणार, दुसरा सांगणार. एके दिवशी रक्तवाहिन्यांवरून आमची चांगलीच जुंपली होती.

"डावीकडची मोठी शाखा कुणाला जाते?"

"ती आधी दुभागते! तू मधला भाग विसरतोस!"

"मधला भाग उजवीकडच्याचा आहे!"

शेजारच्या बाकावरचे एक म्हातारे गृहस्थ केव्हाचे ऐकत होते. शेवटी त्यांना राहवेना. उठून आले, दत्तूच्या खांद्यावर हात ठेवला.

"स्वल्प, जरा शांत हो, मगा, बाळा. भावाभावांत वाटणीवरून भांडू नये. एखादा वकील गाठा!"

*

खांद्यातल्या नसांचं जाळं दत्तूच्या डोक्यात काही केल्या बसेना. म्हणून दिसेल तिथे तो ते काढू लागला. एकदा कटिंगच्या टेबलावर कापड पडलं होतं. शिंप्याच्या खडूने त्यावरच काढलं. ते निघालं एका रिटायर्ड मेजरसाहेबांच्या कोटाचं अस्तर!

मेजर ट्रायलला आले, कोट उलटा केला आणि बघतच राहिले. शंकरअण्णांचा चेहरा पडला. "साहेब, ते पुसतो. तसंही आतल्या बाजूला आहे, दिसणार नाही."

"हे आतल्या बाजूलाच असतं," मेजर म्हणाले. ते लष्करात डॉक्टर होते! "पण यातली एक नस राहिलीय."

दत्तूने खडू घेतला आणि तिथल्या तिथे राहिलेली नस काढली. मेजरांनी ते पुसू दिलं नाही. कोट तसाच शिवून घेतला.

*

आम्ही दोघंही पास झालो, ते आधीच सांगून टाकतो. दत्तू पुढे हाडांचा डॉक्टर झाला. पण खरी मजा झाली ती व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत.

परीक्षक मद्रासहून आलेले. भारदस्त आवाज, जाड चष्मा. सगळे त्यांना टरकून. शेजारी आमचे प्रोफेसर बसलेले. बाहेर येणारा प्रत्येक जण सांगत होता, "मांडीचं हाड देतात. डावं. वर्णन करा म्हणतात." दत्तू आत गेला. पुढचा नंबर माझा, म्हणून मी दारातच बसलो होतो.

"हे डाव्या मांडीचं हाड," परीक्षक म्हणाले. "वर्णन कर."

दत्तूने हाड हातात घेतलं, फिरवलं. पुन्हा फिरवून वरचं टोक निरखलं.

"सर," तो म्हणाला, "हे उजवं आहे."

परीक्षकांनी त्याला चष्म्यावरून न्याहाळलं.

"तू मागच्या वेळी नापास झालेला ना?"

"हो सर. मागच्या वेळी मी डावंच म्हटलं असतं."

परीक्षक उठले. हाड स्वतःच्या डाव्या मांडीला लावून पाहिलं. मग उजव्या मांडीला. चष्मा पुसला, पुन्हा लावून पाहिलं. मग हळूच आमच्या प्रोफेसरांकडे वळले.

"प्रोफेसर, हे उजवं आहे."

प्रोफेसरांनी कागदावरून मान वर केली नाही.

"हो सर. सकाळपासून उजवंच आहे!"