मामांचा देवमासा

होडी धरणाच्या मध्यावर आली की मामा दोन्ही वल्ही उचलून धरायचे आणि म्हणायचे, "वहाणा काढा. खाली देव हाय." त्यांच्या बुडालेल्या गावाचं देऊळ तिथे पाण्याखाली होतं. पाटील असो नाहीतर मामलेदार, सगळे निमूट वहाणा काढायचे.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. मी मुळशीत धरणापलीकडच्या शाळेत मास्तर होतो आणि मामा आमचे नावाडी. तुम्हीही असा माणूस पाहिला असेल, ज्याला कशाचीच शंका म्हणून येत नाही. आभाळ भरून आलं तरी मामा म्हणायचे, "पान्याला मी वळखतो. बसा बिनघोर." आणि आम्ही बसायचो.

त्यांची एकच गोष्ट कुणाला पटत नसे. लहानपणी बापाबरोबर ते घाट उतरून कोकणात गेले होते आणि तिथे त्यांनी देवमासा पाहिला होता. "मी बगितलाय म्हंजी बगितलाय," ते सांगायचे. पाटील त्यांचे बालमित्र. होडीत बसले की मुद्दाम विचारायचे, "काय रं, आज केवढा व्हता तुझा मासा?" सगळी होडी हसायची. मामाही हसायचे, पण वल्ह्याचा फटका जरा जोरात बसायचा. त्यांचा शब्द खोटा पडतो हे त्यांना फार लागायचं.

एका हिवाळ्यात सुकट विकणाऱ्या बाईने बातमी आणली की श्रीवर्धनकडे देवमासा दिसतोय. मामांनी होडीतच जाहीर केलं, "चला पाटील. दावतोच." पाटील, मी आणि गावातले आणखी दोघे निघालो. ताम्हिणीचा घाट पायी उतरलो, पुढे एस.टी. पकडली आणि एका कोळ्याच्या होडीतून समुद्रात गेलो.

"पानी म्हंजी पानी. गोडं काय अन् खारं काय," मामा चढताना म्हणाले. किनारा लांब गेला, लाटा उंच झाल्या आणि मामांचा चेहरा उतरला. थोड्या वेळाने ते तोंडावर पटका ओढून होडीच्या तळाशी आडवे झाले. मुळशीच्या पाण्याने असं कधी हलवलं नव्हतं त्यांना.

आणि देवमासा आला. आधी पाण्याचा फवारा, मग भिजलेल्या कातळासारखी काळी पाठ, वर येतच राहिलेली. पाटलांनी मामांना गदागदा हलवलं. पण ते उठून बसेपर्यंत पाणी मिटलं होतं. त्यानंतर बराच वेळ थांबलो, तो काही पुन्हा आला नाही.

परतताना घाटातल्या झऱ्यावर मामांनी मला बाजूला घेतलं. "गुरुजी, कसा व्हता?"

"तुम्ही लहानपणी पाहिलात ना?"

त्यांनी झऱ्याचं पाणी तोंडावर मारलं. "तवाबी बाच्या खांद्यावर झोपलो व्हतो. जागा झालो तवा बानं सांगितलं."

माझा जीव कळवळला. मी सगळं सांगितलं, फवारा, पाठ, आणि नंतर सुटलेला उग्र वास.

पुढच्या बाजाराला होडी गच्च भरली होती. मामा सांगू लागले, "पाठ म्हंजी भिजलेला कातळ. वर येतीया तर येतच ऱ्हायली." सगळे माझे शब्द. मी पाटलांकडे पाहिलं. मामांना चारचौघांत खोटं पाडायला आज आयती संधी होती. पाटलांनी तंबाखू मळली, दाढेत धरली आणि विचारलं, "मग?"

मामा गेले तेव्हा त्यांच्या अस्थी आम्ही त्यांच्याच होडीतून नेल्या. वल्ह्यावर त्यांचा जावई होता. देवळावर आल्यावर त्याने वल्ही उचलली. सगळ्यांनी वहाणा काढल्या.

"मामांनी खरंच देवमासा बगितला व्हता का?" जावयाने मला विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत पाटील बोलले.

"व्हय. मी शेजारीच बसलो व्हतो. माज्या आदी त्यालाच दिसला."