बहिणीच्या कागदावरची उणीव

‘उणीव : राखणीला बसली की झोपते.’ नातीने माझ्या धाकट्या बहिणीच्या कागदावरची ही ओळ मोठ्याने वाचली आणि ओसरीवर हशा पिकला. बहीणसुद्धा हसली. माझं मात्र डोकं फिरलं.

दिवाळीला बहीण कळंबहून आमच्याकडे जळोचीला आली होती. कॉलेजात शिकणाऱ्या नातीने फाशांचा एक खेळ आणला होता. त्यात आधी पात्रं तयार करायची. प्रत्येक पात्राला नऊ गुण. ते बळ, धीर आणि माया यांत वाटायचे. खाली त्याचा एक पराक्रम आणि एक उणीव लिहायची. मग फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची. राजे-राक्षस नकोत, घरचीच माणसं घेऊ, असं पोरांनी ठरवलं.

माझ्या कागदावर धीर सहा. पराक्रम : लांडग्याला एकट्याने पळवलं. उणिवेची जागा कोरी. बहिणीला माया सात, बळ एक, धीर एक. बाईमाणूस म्हटलं की सगळी माया तिच्या पदरात टाकायची आणि मोकळं व्हायचं! कुणी शिकवलं हे पोरांना?

“खोड ते!” मी ओरडलो.

“आवो आबा, तुमीच तर दर दिवाळीला सांगता. आजीचा डोळा लागला, लांडग्यानं कोकरू नेलं, मग तुमी काठी घेऊन...”

मीच सांगत होतो. म्हणून आता मीच लिहितो आहे.

तेव्हा आमची मेंढरं होती. सुप्याच्या माळावर आम्ही दोघं राखणीला. मी सतरा वर्षांचा, ती चौदाची. लांडगा आला तेव्हा ती टक्क जागी होती. मी बाभळीवर चढलो. काठी घेऊन धावली ती. एक कोकरू गेलं, बाकी सगळा कळप तिने वाचवला. वडील गावातली माणसं घेऊन आले तेव्हा मोडकी काठी तिच्या हातात होती आणि माझ्या अंगात बाभळीचे काटे होते. एवढं डोळ्यांसमोर असून एकाही शहाण्याने काही विचारलं नाही! तिने खरं सांगितलं, तर सगळे हसले. पोरगी कुठं लांडगा हाकलती व्हय? मग मी म्हणालो, ही झोपली होती, मी हाकलला. तिला मार बसला. मला गावाने फेटा बांधला आणि मी तो बांधून घेतला. गावाचा राग येतो, पण त्या सतरा वर्षांच्या घोड्याचा जास्त येतो.

हे सगळं मी पोरांसमोर बोललो. बहीण शेंगा फोडत राहिली. नातीने खोडरबर उचललं.

“ऱ्हाऊ दे,” बहीण म्हणाली. “खाडाखोड केलेला नगं मला. नवा कागद दे. आन् दादा लिहील.”

मी पेन्सिल घेतली. धीर किती लिहू, विचारलं.

“ते तुलाच ठावं. आदी लिही, जागी व्हती.”

लिहिलं.

“आन् उणीव?” नातीने हळूच विचारलं.

“हाय की. लिही दादा, भाऊ दरसाल खोटं सांगायचा आन् ही त्याच्या म्होरं बसून करंज्या खायची.”

कुणी हसलं नाही. मी ते जसंच्या तसं लिहिलं. मग माझा कागद पुढे ओढला. त्यावरची उणिवेची जागा अजून कोरीच होती.