एकसष्टाव्या पानावर केळुसकर सर

जेवण झालंय, पंखा गरगरतोय, संशोधक विद्यार्थ्यांच्या खोलीत माझ्याशिवाय कुणी नाही. टेबलावर माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधाच्या चार बांधीव प्रती, मरून रंगाच्या. पाच वाजेपर्यंत त्या विद्यापीठात जमा करायच्यात, आज शेवटची तारीख. तोवर मी विभागाच्या वेबसाइटसाठी स्वतःची ओळख लिहितेय. संशोधनाचा विषय: आलेख सिद्धांत, म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. छंद: बॅडमिंटन, गडकिल्ले, युकुलेले. हातात पेन्सिल तशीच राहते आणि डोळे मिटायला लागतात.

बॅडमिंटनच्या कोर्टवर केळुसकर सर मांडी घालून बसलेत. माझे पहिले मार्गदर्शक, गेल्या वर्षी वारले. तीस वर्षांच्या नोकरीत शोधनिबंध दोन. वेबसाइटवर छंदापुढे त्यांनी ‘नाही’ लिहिलं होतं, त्यावर आम्ही कॅन्टीनमध्ये पोट धरून हसलो होतो. कॉम्प्युटरच्या जमान्यात प्रत्येक उदाहरण रंगीत पेन्सिलींनी तपासणारा माणूस. मला त्यांची कीव येत नसे, सरळ तुच्छ वाटत ते.

“मोहोळ, तुझं प्रमेय वाचलं.”

“आता तुम्हाला वेळच वेळ आहे, सर.”

“जोडलेले दोन ठिपके एका रंगाचे नकोत, आणि तुझ्या प्रकारच्या आलेखांना त्यासाठी तीनच रंग पुरतात, असं म्हणतेस. कुठवर तपासलंस?”

“आठ ठिपक्यांपर्यंत. पुढचं उघडच आहे.”

“कुणाला?”

“नव्या सरांना. त्यांनी सही केलीय.”

सर नाकातून हसतात. “तो कुरिअरवाल्यालाही सही देतो.”

आम्ही गडाच्या पायऱ्या चढतोय. पायरीपायरीवर एकेक शटलकॉक ठेवलंय, मध्ये दोऱ्या ताणलेल्या.

“नऊ ठिपके का नाही घेतलेस?”

“फार आलेख होतात, सर. प्रोग्रॅमला दोन दिवस लागले असते. आणि शनिवारी ट्रेक होता.”

“मग ट्रेकवर प्रबंध लिहायचास.”

माझं डोकं फिरतं. “तुम्ही तीस वर्षं ठिपके रंगवत बसलात, काय मिळवलंत?”

“दोन निबंध. दोन्ही खरे आहेत.” ते पायरीवर टेकतात. त्यांना धाप लागलीय, मेलेल्या माणसाला लागायला नको तेवढी. खिशातून नववं शटलकॉक काढून ते दोऱ्यांमध्ये बांधतात. “रंगव.”

लाल, हिरवा, निळा. नवव्याच्या शेजारी तिन्ही रंग येतात, त्याला एकही उरत नाही.

“दुसरीकडून सुरू कर.”

करते. पुन्हा तेच.

“आता लिही, उघडच आहे म्हणून,” ते म्हणतात. आवाजात इतका तिटकारा असतो की मला रडू फुटतं. आईवडलांसमोरसुद्धा मी अशी रडलेली नाही.

जाग येते तेव्हा गाल टेबलाला चिकटलेला. सव्वातीन. प्रबंधाची एक प्रत एकसष्टाव्या पानावर उघडी आहे, आणि ‘हे उघडच आहे’ या ओळीखाली पेन्सिलीनं नऊ ठिपके काढलेत, रेषांनी जोडलेले. पेन्सिल माझी, हातही माझाच असणार. पण असा आलेख मी जागेपणी कधी काढलेला नाही.

अटी तपासते. माझ्याच प्रकारचा आहे. रंगवायला घेते. एकामागून एक सगळ्या तऱ्हा संपतात आणि एक ठिपका कोराच राहतो.

पाचला दहा कमी असताना नव्या सरांचा फोन येतो. “मोहोळ, निघालात ना?”

“नाही सर. प्रमेय खोटं आहे. आलेख माझ्यासमोर आहे.”

“अहो, आता ते कोण बघायला बसलंय?”

“केळुसकर सरांनी बघितलंय,” मी म्हणते आणि फोन ठेवते.