चांदीसकट वजन

पुसेगावच्या अलीकडं एका लहानशा गावात करुणाबाईंनी बावीस वर्षं अंगणवाडी सांभाळली. ज्यांना त्यांनी मांडीवर घेऊन खिचडी भरवली, त्यांतल्या काही पोरी आता स्वतःची लेकरं घेऊन त्यांच्याकडं येत. पर्यवेक्षिका तपासणीला आली की खुर्ची पुसायची, रजिस्टरं पुढं ठेवायची आणि भिंतीला टेकून उभं राहायचं, एवढं त्यांना बिनचूक जमे. अशा बाईनं खात्याची परीक्षा दिली, पास झाली आणि स्वतःच पर्यवेक्षिका होण्याच्या प्रशिक्षणाला हिंगोलीत येऊन बसली. वयाच्या अटीमुळं ही शेवटचीच संधी होती.

पहिल्या दिवसापासून त्यांचं डोकं चालेनासं झालं. शिकवणाऱ्या रागिणी मॅडम स्वभावानं गोड होत्या, पण त्यांच्या एका वाक्याची दुसऱ्याशी गाठ बसत नसे. सेविकेच्या चुका शोधायच्या, पण तिला दुखवायचं नाही. गावाशी जवळीक ठेवायची, पण गावात चहा घ्यायचा नाही. पंचवीस अंगणवाड्यांतल्या लेकरांची काळजी वाहायची, पण लेकरू स्वतः उचलायचं नाही, ते काम सेविकेचं. करुणाबाई सगळं वहीत उतरवून घेत आणि जेवणाच्या सुट्टीत वाचत. अक्षर आपलंच आहे, एवढंच त्यातून कळे.

शेवटच्या आठवड्यात प्रत्येकीनं एका अनोळखी अंगणवाडीची तपासणी करून अहवाल आणायचा होता. त्याच्यावरच सगळं ठरणार होतं. अहवाल पसंत पडला तर पर्यवेक्षिका, नाहीतर परत आपलं गाव. करुणाबाईंच्या वाट्याला सिद्धेश्वर धरणाजवळची मेंढरं राखणाऱ्यांची एक वस्ती आली.

तिथली सेविका मिना तिशीचीसुद्धा नव्हती. ती दारात येऊन “या मॅडम” म्हणाली, तेव्हा करुणाबाईंनी मागं वळून कोण आलंय ते पाहिलं. मिनानं टॉवेल टाकलेली खुर्ची पुढं केली. त्या खुर्चीच्या अगदी काठावर अंग चोरून बसल्या.

वजनाचा दिवस होता. दिपा नावाची एक आई दीड वर्षाची प्रतिक्षा घेऊन आली. पोरीच्या कमरेला चांदीची जाड साखळी, पायांत वाळे, हातांत कडी. काट्यावर सात किलो साडेतीनशे ग्रॅम भरलं. मिनानं मोबाइलमध्ये आकडा टाकला, पिवळा रंग आला. पोर जरा कमी वजनाची, पण लाल नाही. मिनाचा जीव भांड्यात पडला. करुणाबाईंनीही सवयीनं मान हलवली.

पोरगी रडायला लागली, म्हणून त्यांनी तिला उचललं. उचलायचं नसतं हे आठवलं तोवर पोरगी खांद्यावर होती. हाताला चांदी लागली आणि चांदीच्या खाली बरगड्या. अंगावरचं सगळं काढून मगच तोलायचं, हे रागिणी मॅडमचं सांगणं त्यांना आठवलं.

“दिपा, ही साखळी अन् वाळे जरा उतरवती का?”

“न्हाई बाई. तान्ह्या लेकराची कंबर रिकामी करत न्हाईत. तुमाला म्या सांगावं का?”

मिना हळूच म्हणाली, “मॅडम, इकडं कुणीच काढत न्हाई. काहून वाद वाढवता?”

कुणीच काढत नाही, हे करुणाबाईंना मिनापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांच्या गावातही काढत नव्हते, आणि त्यांनी कधी मागितलंही नव्हतं. कोपऱ्यात लेकरांच्या मणी ओवायच्या डब्यात काळा दोरा पडला होता. त्यांनी तो तोडून पोरीच्या कमरेला बांधला, गाठ मारली.

“आता रिकामी हाय का?”

दिपानं दोऱ्याखाली बोट घालून पाहिलं. मग आपल्याच हातानं साखळी, वाळे, कडी उतरवून मुठीत धरली.

काटा सात किलो दीडशेवर थांबला. मोबाइल लाल झाला.

“दोनशे ग्रॅमनं असं काय होतं?” दिपा म्हणाली.

“चांदीनं पोट भरत न्हाई, बाई,” करुणाबाई म्हणाल्या आणि तिला त्याच दिवशी डॉक्टरकडं जायला सांगितलं. सोबत मिनानं जावं असं ठरलं. निघताना मिनानं विचारलं, ही चूक आता आपल्या नावावर पडणार का. करुणाबाईंनी वही चाळून पाहिली. त्यात ते कुठंच नव्हतं.

हिंगोलीला परतून त्या अहवाल लिहायला बसल्या. ‘सेविकेची त्रुटी’ या रकान्यात त्यांनी लिहिलं, लेकरं चांदीसकट तोलली जातात. पेन तिथंच अडलं. हे पान दिलं की त्या मॅडम होणार आणि मिनावर ठपका बसणार. फाडलं तर उद्या दुसरं लेकरू पिवळ्यातच राहणार. मग त्यांनी खाली एक ओळ वाढवली: हीच त्रुटी मी बावीस वर्षं केली आहे, माझ्या गावची लेकरंही पुन्हा तोलावीत.

रागिणी मॅडमनी ते दोनदा वाचलं. “करुणाताई, तपासणी मिनाची केलीत की स्वतःची?”

“मला बी कळंना, मॅडम.”

असा अहवाल आजवर कुणी दिला नव्हता, म्हणून तो वर पाठवावा लागेल, निकाल पत्रानं कळेल, एवढंच मॅडम म्हणाल्या. चांगलं झालं की वाईट, ते त्यांच्या चेहऱ्यावरून करुणाबाईंना ओळखता आलं नाही.

स्टँडजवळच्या दुकानात त्यांनी काळ्या दोऱ्याची दोन रिळं घेतली. एसटीत बसल्यावर त्या आठवायला लागल्या, कुणाकुणाच्या कमरेला चांदी होती. पाटलाच्या नातवाच्या होती. जुळ्यांच्या होती. मग संपदा आठवली, नोकरीच्या दुसऱ्या वर्षातली, पावसाळ्यात तापानं गेलेली. रजिस्टरात ती शेवटपर्यंत पिवळ्यात होती. खरंच होती का? तिच्या पायांत वाळे होते की नव्हते, हे काही केल्या डोळ्यांपुढं येईना.

फाट्यावर उतरल्या तर पाण्याच्या टाकीजवळ बायका उभ्या होत्या. एकीनं हसून विचारलं, “काय बाई, मॅडम झालात का?”

“अजून कळंना,” करुणाबाई म्हणाल्या. “उद्या सकाळी समदी लेकरं घेऊन या. पुन्हा तोलायचीत.”